माघारीची किंमत कोण देणार?

पळसदेवच्या काठी राहणाऱ्याने हिमस्खलनाविषयी लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. आमच्या भागात बर्फ पाहावयास मिळतो तो भिगवणच्या मासळी बाजारातील पेट्यांत. आणि दृष्टी पोहोचेल तेथवर आहे ते उजनीचे पसरट पाणी. परंतु गेली काही वर्षे हिवाळी सुट्टीच्या तोंडावर एक नवा अर्ज माझ्या मेजावर येऊ लागला आहे. आठदहा विद्यार्थी उत्तराखंडात केदारकंठ्याला किंवा ब्रह्मतालला बर्फातील पदभ्रमणासाठी निघालेले असतात आणि परवानगीच्या कागदावर एका प्राध्यापकाची स्वाक्षरी त्यांना हवी असते. ज्यांच्या आजोबांनी पंढरपूरच्या पलीकडे प्रवास केला नाही, अशी ही उसाच्या आणि दुधाच्या पैशावर शिकणारी मुले साडेबारा हजार फुटांवर चढावयास निघतात, याचा मला आनंदच वाटतो. घरी बसा, असे सांगण्यासाठी हा लेख नाही.

मला खटकला तो अर्ज. त्यात पालकांची संमती असते, वैद्यकीय दाखला असतो, रक्तगट असतो, आयोजकाला भरलेल्या शुल्काची पावतीही जोडलेली असते. पुढे जाणे धोक्याचे दिसल्यास मागे फिरण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा, आणि मागे फिरल्यास भरलेल्या पैशाचे काय, यासंबंधी एक ओळही नसते. एका विद्यार्थ्याला मी तसे विचारले. तो हसून म्हणाला, "सर, एवढे पैसे भरल्यावर अर्ध्यातून परत कोण येतं?" मुलाने सहज दिलेले हे उत्तर आहे, परंतु पर्वतातील कित्येक अपघातांचे कारण त्या एका वाक्यात आले आहे, असे मला वाटते.

हिमस्खलन म्हणजे आकाशातून अवचित कोसळणारी आपत्ती, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्याची जुळणी दिवसेंदिवस चाललेली असते. डोंगरावरचा बर्फ हा एकजिनसी ढीग नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, अशी त्याची रचना असते. हिवाळ्याच्या प्रारंभी पडलेला पातळ थर खाली जमिनीच्या उबेने आणि वर कडाक्याच्या थंडीने हळूहळू रूप बदलतो व त्याचे सुटे, खडबडीत, एकमेकांना न चिकटणारे कण होतात. साखर कारखान्याच्या गोदामात वावरलेल्या आमच्या वाचकांना हे चटकन समजेल, कारण ते कण हुबेहूब दाणेदार साखरेसारखे असतात. आता या साखरेवर पुढच्या हिमवर्षावाची, वाऱ्याने दाबून घट्ट केलेली लादी येऊन बसली, अशी कल्पना करावी. उतार पुरेसा तीव्र असेल, सामान्यतः ३० ते ४५ अंशांचा, तर ती लादी केवळ निमित्ताची वाट पाहत असते. एका माणसाचे वजन हे निमित्त पुरते. खालची साखर सरकते, लादीला तडा जातो आणि अर्धा डोंगर चालू लागतो. हौसेने पर्वतात गेलेल्यांच्या प्राणघातक अपघातांत बहुतेक वेळा ती लादी स्वतः त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्याने मोडलेली असते, असे पाश्चात्त्य देशांतील नोंदी सांगतात.

याचाच अर्थ, हा धोका बराचसा वाचता येतो. मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला एकदोन दिवसांचा काळ विशेष वाईट. वारा ज्या बाजूने येतो तिच्या पाठीमागच्या उतारावर बर्फ साचतो, तेथे पाऊल टाकताना दहादा विचार करावा. शेजारच्या तशाच उतारावर ताजी घसरण दिसली, पायाखालून दबका 'धप्प' असा आवाज आला, चालताना बर्फात तडे धावू लागले, तर डोंगराने स्वतःच निकाल सांगितलेला असतो. संशयित उतार ओलांडावाच लागला तर एकेकट्याने ओलांडावा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी. प्रत्येकाच्या अंगावर संकेत देणारे-घेणारे ट्रान्सीव्हर, पाठीवर जोडाची लांब सळई आणि फावडे असावे. कारण गाडल्या गेलेल्या माणसाला बाहेरून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. स्वित्झर्लंडमधील जुन्या नोंदींनुसार १५ मिनिटांच्या आत उकरून काढलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचले. ३५ मिनिटांनंतर हे प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास येते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवर लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, तेव्हा साऱ्या देशाने तो चमत्कार मानला, आणि तो चमत्कारच होता. तेही अखेर वाचू शकले नाहीत. त्यांच्यासोबतच्या नऊ मृतांत साताऱ्याच्या माण तालुक्यातील मस्करवाडीचा एक जवान होता. पुढच्याच वर्षी जानेवारीत काश्मीरमधील गुरेझच्या बाजूला हिमस्खलनात गेलेल्या जवानांतही महाराष्ट्रातील मुले होती. बर्फाशी आपला संबंध नाही, असे दुष्काळी तालुक्यांना तरी म्हणता येणार नाही.

केदारकंठ्यासारख्या रुळलेल्या वाटा बहुतांशी जंगलातून व सौम्य उतारांवरून जातात, हेही सांगितले पाहिजे; प्रत्येक हिवाळी सहल म्हणजे मृत्यूशी खेळ नव्हे. उलट, अनुभव आणि प्रशिक्षण म्हणजे अभय, असेही नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक द्रौपदी का डांडा शिखराजवळ हिमस्खलनात सापडले आणि २९ जण गेले. त्यांतील दोघांचे देहही हाती लागले नाहीत. त्यांच्या प्रशिक्षिका सविता कंसवाल यांनी त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरे सोळा दिवसांच्या अंतराने सर केली होती.

मग उणीव कशाची आहे? ज्ञानाची म्हणावी, तर ज्ञान पुष्कळ आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९४५ पासून हिमस्खलनाची पत्रके निघत आहेत. पाच श्रेणींचे प्रमाण युरोपने १९९३ मध्ये एकत्रितपणे स्वीकारले. आपल्या देशात मनालीला १९६९ मध्ये हिम व हिमस्खलनाच्या अभ्यासाची संस्था निघाली. २०२० पासून तिचे काम चंडीगढच्या संरक्षण भूमाहिती संशोधन आस्थापनेकडे आले असून, ही संस्था हिमालयातील जिल्ह्यांसाठी हिवाळ्यात इशारे देते. आपल्याकडे पावसाचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा असतो, तसाच हा प्रकार समजावा. येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. युरोपातील मृत्यूंची मोठी संख्या पाचव्या किंवा चौथ्या श्रेणीच्या दिवशी घडत नाही, ती तिसऱ्या श्रेणीच्या दिवशी घडते. पाचव्या दिवशी कोणी घराबाहेर पडतच नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ऊन पडलेले असते, ताजा बर्फ चकाकत असतो, आणि 'धोका आहे, पण जाऊन पाहू' असे म्हणण्यास जागा असते.

ही जागाच घात करते. इयन मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने २००४ च्या सुमारास सातशेहून अधिक हिमस्खलन अपघातांची छाननी केली. धोक्याची चिन्हे डोळ्यांसमोर असताना लोक पुढे का गेले, हा त्याचा प्रश्न होता. त्याला जे आढळले ते बर्फाविषयी कमी आणि माणसाविषयी अधिक होते. उतार ओळखीचा असला की शिकलेली माणसेदेखील गाफील होतात. एकदा ठरविलेला बेत मोडवत नाही. म्होरक्याला ठाऊक असेल म्हणून बाकीचे गप्प राहतात. दुसरी टोळी पुढे गेलेली दिसली की आपलाही धीर वाढतो. आमच्या विषयात याला जोड देणारा एक सिद्धांत आहे. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, समोर निश्चित तोटा दिसू लागला की माणूस तो सोसण्याऐवजी जुगार पत्करतो, मग त्या जुगारात अधिक मोठ्या तोट्याची शक्यता का असेना. मागे फिरणे हा निश्चित तोटा होय. शुल्क गेले, रेल्वेचे भाडे गेले, रजा गेली, मित्रांत हसे झाले. पुढे जाण्यात फक्त एक शक्यता असते, आणि शक्यता ही नेहमी दुसऱ्याच्या वाट्याची वाटते. शुल्काचा पैसा पुढे गेल्याने परत मिळत नाही आणि मागे फिरल्यानेही परत मिळत नाही, तो बुडीत खर्च आहे, हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो. मुले ते परीक्षेत बरोबर लिहितातही.

म्हणून सावधगिरीचा उपदेश हा अपुरा उपाय आहे, असे माझे मत आहे. मागे फिरणे जोपर्यंत महाग आहे तोपर्यंत माणसे मागे फिरणार नाहीत. आणि ही महागाई सर्वांना सारखी नसते. विद्यार्थ्याचे फार तर काही हजार रुपये जातात. त्याचे सामान वाहणाऱ्या हमालाची आणि खेचरवाल्याची त्या दिवसाची मजुरी जाते. तो 'आज नको' असे कसे म्हणेल? एव्हरेस्टवर १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात जे सोळा जण गाडले गेले ते सारे नेपाळी कामगार होते, इतरांच्या चढाईसाठी वाट आणि सामान तयार करणारे.

आपल्या देशातील याहून बोलके उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे बद्रीनाथच्या पलीकडे माणा गावाजवळ सीमावर्ती रस्त्यावरील मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले. ५४ मजूर त्यात सापडले. ते लोखंडी पेटाऱ्यांसारख्या निवाऱ्यांत होते म्हणून आणि सैन्याने शर्थ केली म्हणून ४६ वाचले. आठ जण गेले. आदल्या संध्याकाळीच चमोलीसह उत्तराखंडातील उंचावरच्या भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा देण्यात आला होता. म्हणजे शास्त्राने आपले काम केले होते. परंतु इशारा ऐकून छावणी रिकामी करणे हे त्या मजुरांच्या हाती होते काय? रस्त्यावरचा बर्फ हटविण्यासाठी आणलेल्या माणसाने, बर्फ पडणार आहे म्हणून मी खाली जातो, असे म्हटले तर त्याची हजेरी कोण मांडणार? ज्या इशाऱ्याला थांबण्याचा अधिकार आणि थांबल्या दिवसाची मजुरी जोडलेली नाही, तो इशारा कागदावर पूर्ण आणि माणसापुरता निरर्थक ठरतो.

एवढे लिहून झाल्यावर मला खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याकडे वळणे भाग आहे. उजनीच्या या जलाशयाखाली आमचे जुने पळसदेव आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसनाथाचे देऊळ वर येते आणि पुण्यामुंबईची मंडळी ते पाहण्यासाठी होड्यांतून जातात. परंतु इंदापूर आणि करमाळा या दोन तालुक्यांतील माणसांना होडी ही हौस नव्हे. धरणाने तोडलेला तो त्यांचा रस्ता आहे. पलीकडच्या काठावर लेक दिलेली असते, दवाखाना असतो, लग्न असते. आणि जमिनीवरून जावयाचे तर भला मोठा वळसा पडतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला. सहा गेले, त्यांत लहान मुले होती. त्यापूर्वी एप्रिल २०१७ च्या अखेरीस याच पाण्यात सहलीला आलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चौघे बुडाले होते.

मी स्वतः त्या बाजूच्या होडीने अनेकदा गेलो आहे. एकदा, वैशाखातली गोष्ट, पश्चिमेला आभाळ काळे झालेले होते. होडीवाल्याने त्याकडे पाहिले, मी पाहिले, आणखी दहाबारा माणसांनी पाहिले. कोणीच बोलले नाही. पलीकडे लग्नाची वेळ ठरलेली होती, होडीवाल्याची त्या दिवसाची ती शेवटची खेप होती, आणि मास्तर बसले आहेत म्हणजे चालत असेल, असे कदाचित इतरांना वाटले असेल. आम्ही सुखरूप पोहोचलो. मॅकॅमनचे निष्कर्ष वाचताना मला ती होडी आठवली; त्यातला एकही सापळा आमच्याकडून चुकला नव्हता. सुखरूप पोहोचण्याचा वाईट परिणाम असा की, पुढच्या वेळी काळ्या आभाळाचे भय आणखी थोडे कमी होते.

मे महिन्यातील वळवाचा वारा आणि फेब्रुवारीतील बर्फाची लादी यांत शास्त्राचे साम्य काही नाही. निर्णयाचे साम्य मात्र पूर्ण आहे. म्हणून उपायही एकाच दिशेचा आहे. वादळी वाऱ्याचा जिल्ह्याला दिलेला इशारा काठावरच्या प्रत्येक थांब्यावर एका झेंड्याच्या रूपाने दिसला पाहिजे, आणि लाल झेंडा चढला की होडी सोडणे हा होडीवाल्याच्या मर्जीचा प्रश्न उरता कामा नये. परंतु त्याच वेळी त्या दिवसाची त्याची बुडालेली खेप ग्रामपंचायतीने किंवा जिल्हा परिषदेने भरून दिली पाहिजे आणि अडकलेल्या माणसांसाठी वळशाच्या रस्त्याने एस.टी. सोडली पाहिजे. हा खर्च अवास्तव आहे, असे कोणी म्हणेल. अपघातानंतर शोधपथकांवर आणि मृतांच्या वारसांना मदत म्हणून होणारा खर्च आपण निमूटपणे करतोच. तो अंदाजपत्रकात आधी दिसत नाही, एवढेच. शिरसोडी-कुगाव पुलाला मंजुरी मिळाली, ही चांगली गोष्ट झाली. पण पूल झाला तरी साऱ्या काठाच्या होड्या थांबणार नाहीत.

हिमालयात जाणाऱ्यांच्या बाबतीत तर हे अधिक सोपे आहे, कारण तेथे पैसा आगाऊ घेतलेला असतो. धोक्याच्या श्रेणीमुळे मोहीम थांबली तर शुल्काचा ठरावीक हिस्सा परत मिळेल किंवा पुढच्या हंगामात तीच जागा मिळेल, अशी अट आयोजकाने आधी लिहून द्यावी. हमाल व वाटाड्या यांना मागे फिरलेल्या दिवसाचीही पूर्ण मजुरी मिळते की नाही, हे ग्राहकाने विचारावे. ज्या वाटाड्याची मजुरी माथ्यावर अवलंबून आहे त्याच्या सल्ल्यावर आपण जीव सोपवीत असतो. यामुळे शुल्क थोडे वाढेल. वाढू द्यावे. तो विम्याचाच हप्ता आहे.

शौर्याचा मुद्दा काढणारे लोक असतातच. माघार हा शब्द आपल्या बोलण्यात इतका बदनाम का व्हावा, हे मला उमगलेले नाही. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देणाऱ्या राजाला महाराष्ट्राने कधी भित्रा म्हटले नाही. पाच वर्षांत त्यांतील किल्ले परत येऊ लागले, कारण ते परत घेणारी माणसे शिल्लक होती.

यंदा आमच्या महाविद्यालयात परवानगीच्या अर्जात तीन ओळी वाढविण्याची सूचना मी मांडली आहे. निघण्यापूर्वी कोणत्या परिस्थितीत मागे फिरावयाचे ते गटाने लिहून द्यावे; गटातील कोणत्याही एकाने 'नको' म्हटले तर सर्वांनी थांबावे; आणि अर्ध्यातून परतलेल्यांची हजेरी व राहिलेली चाचणी यांबाबत महाविद्यालयाने अडवणूक करू नये. पहिल्या दोन ओळींना कोणाची हरकत नव्हती. तिसरीवर चर्चा झाली. ती ओळ ठेवली तर मुले मुद्दाम परत येतील, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे पडले. मी त्यांना म्हटले, येऊ द्या की. सूचना पुढच्या बैठकीवर गेली आहे, आणि मुलांची गाडी त्याआधीच्या आठवड्यात पुण्याहून सुटते.